सेवेची शाळा : समाजकार्य शिक्षणातील क्षेत्रकार्याची वाटचाल

जैन समाजाला दानाची परंपरा नवी नाही. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान या चतुर्विध दानांचे संस्कार घराघरांत होत आले आहेत. गावोगावच्या धर्मशाळा, पांजरपोळ, दवाखाने, पाठशाळा आणि विद्यार्थी वसतिगृहे या संस्कारांची साक्ष देत उभी आहेत. मात्र दान देणारा हात आणि ते स्वीकारणारा हात यांच्यामध्ये आणखी एक माणूस उभा असतो. रुग्णाची चौकशी करणारा, विधवेचा अर्ज लिहून घेणारा, वसतिगृहात आलेल्या नव्या मुलाशी पहिल्यांदा बोलणारा आणि प्रसंगी 'नाही' म्हणणाराही तोच असतो. त्याच्या एका शब्दाने दान सत्कारणी लागते, तसेच एका शब्दाने घेणाऱ्याचा मान दुखावलाही जातो. हे काम त्याला कोणी शिकवले, असा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला आणि त्यातून समाजकार्याचे शिक्षण जन्माला आले. या शिक्षणाचा कणा म्हणजे 'क्षेत्रकार्य'. समाजकार्याचा विद्यार्थी आठवड्यातील काही दिवस, सर्वसाधारणपणे दोन दिवस, वर्गाबाहेर पडून एखाद्या रुग्णालयात, बालगृहात, वस्तीत, शाळेत, कारखान्यात किंवा सेवाभावी संस्थेत प्रत्यक्ष काम करतो. तेथे तो एकटा नसतो. संस्थेतील अनुभवी कार्यकर्ता आणि महाविद्यालयातील प्राध्यापक त्याच्या कामावर लक्ष ठेवतात, त्याने लिहिलेल्या नोंदी वाचतात आणि ठरलेल्या वेळी त्याच्याशी चर्चा करतात. पर्यवेक्षणाखालील या शिक्षणाचा इतिहास समजून घेणे प्रत्येक सेवाभावी संस्थेला उपयुक्त ठरेल, कारण या शिक्षणाची अर्धी शाळा अशा संस्थांच्याच अंगणात भरते.

उगम : भेटीला जाणाऱ्या स्वयंसेवकांपासून

एकोणिसाव्या शतकात औद्योगिक क्रांतीमुळे लंडनसारख्या शहरांत एकीकडे अफाट संपत्ती आणि दुसरीकडे अफाट दारिद्र्य निर्माण झाले. धर्मादाय संस्था पुष्कळ होत्या, पण त्यांच्यात मेळ नव्हता. म्हणून १८६९ मध्ये लंडन येथे 'चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी' स्थापन झाली. गरजू कुटुंबाच्या घरी जाऊन चौकशी करावी, त्याची नोंद ठेवावी आणि मगच मदत द्यावी, अशी तिची पद्धत होती. त्याच काळात ऑक्टाव्हिया हिल या विदुषी लंडनच्या गरीब वस्तीतील घरांची व्यवस्था पाहत होत्या. दर आठवड्याला भाडे गोळा करण्यासाठी त्यांनी स्त्री कार्यकर्त्या तयार केल्या. भाड्याच्या निमित्ताने कुटुंबाची ओळख वाढवावी, अडचण समजून घ्यावी आणि भाडेकरूचा स्वाभिमान राखून मार्ग काढावा, असे शिक्षण त्या आपल्या सहकाऱ्यांना प्रत्यक्ष कामातूनच देत. शिकाऊ कार्यकर्त्याने अनुभवी कार्यकर्त्याच्या हाताखाली तयार व्हावे, ही कल्पना अशा प्रकारे रुजली.

यापुढचे पाऊल अमेरिकेत पडले. बाल्टिमोर येथील अशाच एका संस्थेत हिशेबाच्या कामासाठी रुजू झालेल्या मेरी रिचमंड यांच्या लक्षात आले की, प्रत्येक नवा कार्यकर्ता आधीच्यांच्याच चुका पुन्हा करतो आणि त्या चुकांची किंमत गरीब कुटुंबे मोजतात. १८९७ मध्ये त्यांनी एका राष्ट्रीय परिषदेत लोकसेवेच्या कार्यासाठी प्रशिक्षण शाळा हवी, असा विचार मांडला. वर्गातील अध्यापनाला संस्थांमधील प्रत्यक्ष कामाची जोड असावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, न्यूयॉर्क येथे सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू झाला आणि कालांतराने त्याचे रूपांतर समाजकार्याच्या नियमित विद्यालयात झाले. १९१७ मध्ये रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यामुळे कुटुंबाची माहिती कशी मिळवावी आणि तिचा अर्थ कसा लावावा, यालाही शास्त्राचे रूप आले.

याच सुमारास दुसरी एक विचारधारा वाढत होती. गरिबांच्या घरी भेट देऊन परतण्याऐवजी त्यांच्या शेजारीच राहावे, असे तिचे म्हणणे होते. लंडनमधील टॉयन्बी हॉल (१८८४) आणि शिकागोमध्ये जेन ॲडम्स यांनी उभारलेले हल हाउस (१८८९) ही तिची केंद्रे होत. शिकागोचा हाच विचार पुढे मुंबईला पोहोचला.

नागपाड्यातील प्रारंभ

शिकागो विद्यापीठात शिक्षण घेतलेले डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईत आले. गिरण्या, गोदी आणि कारखाने यांमुळे मुंबईची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. चाळीतील एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत होती. नागपाडा हा नाना धर्मांच्या आणि भाषांच्या लोकांचा, दाट वस्तीचा भाग होता. तेथे 'नागपाडा नेबरहूड हाउस' सुरू झाले. वाचन, खेळ, आरोग्य आणि शिक्षण यांसाठी परिसरातील सर्वांना त्याचे दार खुले होते.

या कामातून मॅनशार्ट यांना जे उमगले, ते मेरी रिचमंड यांच्या अनुभवाशी जुळणारे होते. मुंबईत दानशूर माणसे होती, संस्था होत्या आणि उत्साही स्वयंसेवकही होते. उणीव होती ती प्रशिक्षित कार्यकर्त्यांची. सर दोराबजी टाटा यांनी आपल्या संपत्तीचा विश्वस्तनिधी १९३२ मध्ये केला होता. त्याच्या विश्वस्तांपुढे मॅनशार्ट यांनी समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यालयाची योजना मांडली आणि १९३६ मध्ये 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' हे भारतातील पहिले समाजकार्य विद्यालय नागपाडा नेबरहूड हाउसमध्येच सुरू झाले. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. १९४४ मध्ये या विद्यालयाला 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' हे नाव मिळाले आणि १९५४ मध्ये ते देवनार येथील आपल्या परिसरात गेले.

देशातील पहिले समाजकार्य विद्यालय वस्तीच्या मध्यभागी, सेवा चालू असलेल्या इमारतीत सुरू झाले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. वर्गाच्या खिडकीतून ज्या समाजाचा अभ्यास करायचा, तोच समाज जिन्याखाली वावरत होता. १९३७ मध्ये विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. मुलांच्या वागणुकीतील अडचणींकडे शिक्षेच्या नव्हे, तर समजुतीच्या दृष्टीने पाहण्याचा तो भारतातील आरंभीचा प्रयत्न होता. विद्यार्थ्यांना तेथे अनुभवी व्यक्तींच्या देखरेखीखाली काम शिकता येत असे. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली आणि रुग्णालय हे क्षेत्रकार्याचे महत्त्वाचे स्थान बनले.

फाळणीने या शिक्षणाची कसोटी पाहिली. १९४७ मध्ये लक्षावधी निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा संस्थेतील अध्यापक आणि विद्यार्थी कुरुक्षेत्र येथील निर्वासितांच्या छावणीत कामाला गेले. घरदार आणि आप्त गमावलेल्या माणसांसमोर उभे राहताना पुस्तकातील विवेचन किती पुरते आणि कोठे अपुरे पडते, हे त्या तुकडीला शिकावे लागले. आपत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी गुरूजनांसह धावून जावे, ही प्रथा तेथून पुढे चालत राहिली. १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतरही समाजकार्याचे विद्यार्थी उद्ध्वस्त गावांत काम करताना दिसले. याच भूकंपातील सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी भारतीय जैन संघटनेने पुण्याजवळ वाघोली येथे घेतली, हे समाजाला ज्ञात आहेच. अशा कार्याला धान्य, वस्त्र आणि छप्पर लागते, तसेच रात्री दचकून उठणाऱ्या मुलाशी कसे बोलावे हे जाणणारे माणूसही लागते.

नोंदवही आणि पर्यवेक्षक

क्षेत्रकार्याचा आत्मा नोंदवहीत आहे. विद्यार्थ्याने त्या दिवशी कोणाची भेट घेतली, संभाषण कसे झाले, समोरची व्यक्ती कोठे थांबली, आपण काय म्हटले आणि तसे का म्हटले, हे त्याने सविस्तर लिहावयाचे असते. ही नोंद पर्यवेक्षक आधी वाचतो आणि मग त्या दोघांची बैठक होते. तिला वैयक्तिक परिषद म्हणतात. त्याशिवाय सर्व विद्यार्थ्यांची मिळून गट परिषद होते.

या पद्धतीचा उपयोग एका उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, ऊसतोडणीसाठी दरवर्षी गाव सोडून जाणारा एक मजूर क्षयरोगाचे उपचार मध्येच बंद करतो आणि प्रकृती खालावल्यावर पुन्हा रुग्णालयात येतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी त्याला भेटतो, नियमित औषधे घेण्याचे महत्त्व सांगतो आणि नोंदवहीत लिहितो, "रुग्ण बेजबाबदार आहे." पर्यवेक्षक त्याला रागावत नाही. तो एवढेच विचारतो, "बेजबाबदार हा शब्द रुग्णाचा की तुझा? तोडीवर असताना त्याला गोळ्या कोठून मिळणार होत्या, हे तू विचारलेस का?" दुसऱ्या भेटीत विद्यार्थी तोच प्रश्न विचारतो. मुकादमाकडून घेतलेली उचल, खाडा झाल्यास बुडणारी मजुरी आणि तोडीच्या ठिकाणापासून दूर असलेला दवाखाना यांची हकिकत तेव्हा प्रथमच बाहेर येते. मग उपदेशाऐवजी उपाय सुरू होतो. रुग्णाचे उपचार तोडीच्या गावाजवळील आरोग्य केंद्राकडे वर्ग करून घेण्याची खटपट विद्यार्थी करतो. पहिल्या भेटीतही त्याच्या मनात करुणा होतीच. तिला दिशा मिळाली ती दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नामुळे.

बर्था रेनॉल्ड्स या अमेरिकन समाजकार्य अध्यापिकेने १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शिकणाऱ्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत. आरंभी तो स्वतःच्याच जाणिवेने अवघडलेला असतो. नंतर बुडू नये म्हणून हातपाय मारतो. मग परिस्थिती समजते, पण हाताळता येत नाही. पुढे कामावर बऱ्यापैकी पकड येते आणि शेवटी तो दुसऱ्याला शिकवण्यास समर्थ होतो. यांतील तिसरी अवस्था फार कष्टाची असते. काय चुकले ते कळते, परंतु हात अजून तयार झालेला नसतो. या टप्प्यावर कोणी पाठीशी नसेल, तर चांगला विद्यार्थीही काम सोडून देतो किंवा मन कोरडे करून घेतो. पर्यवेक्षकाची खरी गरज तेथे असते.

महाराष्ट्रातील विस्तार

स्वातंत्र्यानंतर समाजकार्याचे शिक्षण महाराष्ट्रात पसरले. मुंबईत १९५५ मध्ये निर्मला निकेतन, नागपूरमध्ये १९५८ मध्ये मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आणि पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाज सेवा संस्था सुरू झाली. यांतील मातृसेवा संघाचे उदाहरण बोलके आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये प्रसूतिसेवेसाठी लावलेल्या रोपट्यातूनच ही शिक्षणसंस्था निघाली. सेवा आधी आणि तिच्यातून शाळा नंतर, हा क्रम तेथेही दिसतो. सोलापुरात श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेच्या वालचंद महाविद्यालयातही समाजकार्याचे शिक्षण दिले जाते. जैन दानातून उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थेने या विद्याशाखेला आपल्या छत्राखाली स्थान द्यावे, ही समाजाला अभिमान वाटावा अशी बाब आहे.

कामातून शिक्षण हा विचार या भूमीला परका नव्हताच. कुंभोज येथे जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. निरनिराळ्या जातीधर्मांची मुले एकत्र राहतील, स्वतः स्वयंपाक करतील, श्रम करतील आणि शिकतील, अशी वसतिगृहे त्यांनी उभारली. समतेचा धडा तेथे व्याख्यानातून नव्हे, तर एका पंगतीत बसून मिळत होता.

क्षेत्रकार्यातून शिकणाऱ्यांना तर लाभ झालाच, पण समाजालाही नव्या सेवा मिळाल्या. विद्यार्थी आणि अध्यापक ज्या ठिकाणी जात, तेथील उणिवा त्यांच्या नजरेस पडत आणि त्यांतून प्रत्यक्ष कृतीचे प्रकल्प आकारास येत. टाटा संस्थेच्या अशा प्रकल्पांपैकी तीन विशेष उल्लेखनीय आहेत. १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. घरात छळ सोसणाऱ्या स्त्रीला पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ता भेटू लागला. पुढे राज्य शासनाच्या सहभागाने असे कक्ष अनेक जिल्ह्यांत सुरू झाले. १९९० मध्ये 'प्रयास' या प्रकल्पाने तुरुंगातील बंदी आणि सुटून आलेल्या व्यक्तींच्या पुनर्वसनाचे काम हाती घेतले. १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने संकटातील मुलांसाठी १०९८ या क्रमांकाची 'चाइल्डलाइन' दूरध्वनी सेवा मुंबईत सुरू झाली आणि ती देशभर पोहोचली. २०२३ पासून ही सेवा शासनाच्या यंत्रणेत समाविष्ट करण्यात आली.

उणिवांकडेही पाहावे

इतिहास सांगताना दोषांकडे पाठ फिरवणे योग्य नव्हे. आरंभीचा अभ्यासक्रम मुख्यत्वे अमेरिकन नमुन्यावर बेतलेला होता आणि क्षेत्रकार्य शहरांतच एकवटले होते. शेतमजूर, दुष्काळ आणि जातिभेद यांचा अनुभव त्यातून पुरेसा येत नव्हता. ही टीका अनेक भारतीय अभ्यासकांनी केली आणि ग्रामीण शिबिरे, आदिवासी भागातील क्षेत्रकार्य व वस्तीपातळीवरील संघटन यांना हळूहळू स्थान मिळाले.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. महाविद्यालये आणि विद्यार्थी वाढले, परंतु शिकवण्यास वेळ देऊ शकतील असे अनुभवी कार्यकर्ते त्या प्रमाणात वाढले नाहीत. संस्थेतील पर्यवेक्षक हे काम बहुधा आपली नोकरी सांभाळून, वेगळ्या मोबदल्याविना करतो. जेथे त्याला सवड नसते, तेथे विद्यार्थ्याच्या वाट्याला फाइली लावणे, यादी करणे, कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या मांडणे आणि छायाचित्रे काढणे अशी कामे येतात. नोंदवहीवर सही होते, पण ती वाचली जात नाही. अशा वेळी हानी केवळ विद्यार्थ्याची होत नाही. ज्या कुटुंबाने आपले दुःख त्याच्यापाशी उघड केले, त्याच्याकडे वर्ष संपताच कोणी फिरकत नाही. पुढच्या जून महिन्यात नवा विद्यार्थी येतो आणि तेच प्रश्न पुन्हा विचारतो. गरीब माणूस हा सरावाचे साधन बनता कामा नये, हा या शिक्षणाचा पहिला नियम आहे आणि तो पाळला जाणे पर्यवेक्षणावरच अवलंबून आहे. मार्च २०२० नंतर कोविडच्या साथीत क्षेत्रकार्य दूरध्वनी व संगणकाच्या पडद्यावरून करावे लागले. प्रत्यक्ष भेटीत न बोलताही जे कळते, ते अन्य मार्गाने कळत नाही, याची जाणीव त्या काळाने करून दिली.

वैयावृत्त्य आणि आलोचना

जैन परंपरेत सहा अंतरंग तपे सांगितली आहेत : प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान. यांत वैयावृत्त्य म्हणजे सेवा. सेवेला येथे तपाचे स्थान आहे, म्हणजेच ती केवळ मनाची लहर किंवा सणासुदीचा उत्साह नव्हे. तिला शिस्त आहे, अभ्यास आहे आणि विनय तिच्या अगोदर येतो. तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्यास पात्र अशा दहांची गणना केली आहे. ती मूळची मुनिसंघाच्या संदर्भातील आहे. तिच्यात 'ग्लान' म्हणजे रोगी आहे आणि 'शैक्ष' म्हणजे शिकत असलेला नवदीक्षितही आहे. रोग्याची सेवा करावी हे सर्वांनाच पटते. शिकणाऱ्याचीही सेवा करावी, त्याला सांभाळावे आणि घडवावे, हे परंपरेने तितक्याच आवर्जून सांगितले आहे.

प्रायश्चित्ताच्या भेदांत पहिली येते ती आलोचना. आपल्या हातून घडलेला दोष गुरूंपुढे न लपवता, न सजवता सांगणे, असा तिचा अर्थ. नोंदवही घेऊन पर्यवेक्षकासमोर बसणारा विद्यार्थी याच्याशी मिळतेजुळते काहीतरी करीत असतो. दोहोंतील भेद स्पष्ट आहे. आलोचनेचे प्रयोजन आत्मशुद्धी हे आहे, तर पर्यवेक्षणाचे प्रयोजन समोरच्या दुःखी माणसाचे हित हे आहे. परंतु आपली चूक दुसऱ्याच्या नजरेने पाहण्याची तयारी दोन्हीकडे हवी असते आणि ती ऐकणारा सुज्ञ, शांत व विश्वासार्ह असावा लागतो.

दार उघडे ठेवण्याची गोष्ट

पन्नास वर्षे सेवा केलेल्या कोणत्याही विश्वस्त संस्थेजवळ निधी आणि वास्तू यांहूनही मोलाची एक संपत्ती साठलेली असते. कोणती मदत उपयोगी पडली, कोणती वाया गेली, कोणत्या घरी सांत्वन आधी आणि पैसा नंतर द्यावा लागला, हे जाणणारी माणसे तिच्याकडे असतात. ही जाण कोणत्याही अहवालात उतरत नाही. ती माणसाबरोबर येते आणि पुढच्या पिढीला दिली नाही, तर माणसाबरोबरच जाते. क्षेत्रकार्यासाठी विद्यार्थी स्वीकारणे हा ती पुढे देण्याचा एक सिद्ध मार्ग आहे.

मात्र विद्यार्थी स्वीकारणे म्हणजे विनावेतन मदतनीस मिळवणे नव्हे. त्याच्यासाठी संस्थेतील एका जाणत्या व्यक्तीने आठवड्यातून एखादा तास राखून ठेवावा लागतो. त्याची नोंदवही वाचावी लागते. दवाखान्यातील रांग, वसतिगृहातील मुले, शिष्यवृत्तीसाठी येणारी कुटुंबे यांच्याशी बोलण्याचे खरे काम त्याला द्यावे लागते. वर्षाअखेरीस त्याने जोडलेली कुटुंबे वाऱ्यावर सुटणार नाहीत, याची व्यवस्थाही संस्थेनेच करावी लागते. त्याच्या अडचणीच्या प्रश्नांना सामोरे जाण्याचे धैर्यही ठेवावे लागते, कारण नवा माणूस असे प्रश्न विचारतो, जे जुन्यांना सवयीमुळे सुचेनासे झालेले असतात.

औषधदानाने एका रुग्णाचे दुःख हलके होते. रुग्णाशी कसे बोलावे हे एका तरुणाला नीट शिकवले, तर तो आयुष्यभर भेटणाऱ्या प्रत्येक रुग्णापर्यंत ते दान पोहोचवत राहतो. नागपाड्याच्या एका इमारतीत २० विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेल्या या परंपरेने हेच दाखवून दिले आहे. ज्ञानदानाचा हा प्रकार जुन्या याद्यांत नावाने आढळणार नाही, पण 'शैक्ष' आणि 'ग्लान' या दोघांचीही सेवा एकाच वेळी घडवणारे असे दान सुवर्णमहोत्सवी संस्थेला शोभणारे आहे.